अर्धी बाटली आणि फ्लेमिंगसाहेब



आपल्या मंडळाच्या या पानावर मी आजवर फक्त गणेशोत्सवाच्या पार्किंगच्या सूचना लिहिल्या आहेत. कुणाचं चरित्र वगैरे लिहायचा हा पहिलाच प्रयत्न, तेव्हा सांभाळून घ्या. आणि आधीच सांगून टाकतो, मी सॉफ्टवेअरवाला माणूस, डॉक्टर नाही. औषधाचा सल्ला आपापल्या जीपीकडूनच घ्यावा. तो न घेतल्यामुळेच हा लेख लिहायची वेळ आली.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. रात्रीचे दोन वाजलेले. आमची तीन वर्षांची लेक उजवा कान धरून रडत उठली. सर्दी आठवडाभर होतीच, त्यात आता ताप. सासूबाई नुकत्याच पिंपरीहून आल्या होत्या. त्या उठून लसणीचं तेल कोमट करायला लागल्या. बायको १११ ला फोन लावून रांगेत. आणि अस्मादिकांनी काय केलं? फ्रिज उघडला. महिन्यापूर्वीच्या कानदुखीला आणलेल्या अमॉक्सिसिलिनची अर्धी बाटली मागच्या कप्प्यात होती. अर्धी का, तर त्या वेळी तिसऱ्या दिवशी पोरगी खेळायला लागली म्हणून आम्हीच औषध बंद केलं होतं. तयार केलेलं औषध सात दिवसांनी टाकून द्यायचं असं लेबलवर स्पष्ट लिहिलं होतं. पण आपण भारतातली माणसं, औषध टाकवत नाही! अंदाजाने चमचाभर पाजलं. पुरवून पुरवून दोन दिवस दिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी उशीवर पिवळा डाग. कान फुटला होता. जीपीबाईंनी कानातल्या पुवाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला आणि बाटलीची हकिगत ऐकून चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की मला शाळेतले गणिताचे सर आठवले. रिपोर्टमध्ये जंतूचं नाव आलं : हीमोफिलस इन्फ्लुएन्झी. पुढे एक ओळ होती. हा जंतू अमॉक्सिसिलिनला दाद देत नाही.

माझ्या चमच्यामुळेच तो तसा झाला का? बाई म्हणाल्या, तसं म्हणता येत नाही, तो आधीपासूनच तसा असू शकेल. पण शिळ्या, अपुऱ्या औषधाने मरतात ते दुबळे जंतू. दांडगे मागे उरतात आणि त्यांना मैदान मोकळं मिळतं. हे ऐकून मला काही बरं वाटलं नाही.

मी रोज स्लावहून पॅडिंग्टनला उतरतो. स्टेशनबाहेर प्रेड स्ट्रीटवर सेंट मेरीज हॉस्पिटलच्या भिंतीवर एक पाटी आहे, अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी पेनिसिलिनचा शोध इथे लावला असं सांगणारी. शेकडो वेळा तिच्याखालून गेलो असेन, कधी मान वर केली नव्हती. त्या आठवड्यात केली. मग त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत सुटलो, आणि पेनिसिलिनवरच्या त्यांच्या १९२९ च्या पहिल्या निबंधाच्या शीर्षकातच मला आमच्या लेकीच्या कानातला जंतू भेटला!

ते कसं, ते सांगतो. पण त्याआधी हा माणूस कोण ते बघू.

फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ चा, स्कॉटलंडमधल्या एअरशायर परगण्यात, डार्वेल गावाजवळच्या लॉकफील्ड नावाच्या शेतावर. वडील शेतकरी, त्यांचं हे दुसरं लग्न, आणि अलेक सात वर्षांचा असतानाच ते गेले. शेत मोठ्या सावत्र भावाने सांभाळलं. तेराव्या वर्षी अलेक लंडनला आला, कारण थोरला भाऊ टॉम इथे डॉक्टर होता. म्हणजे एकाने यायचं आणि मग मागून एकेकाला बोलावून घ्यायचं, आपल्याकडे चालतं तसंच! रीजंट स्ट्रीटच्या पॉलिटेक्निकमध्ये शिक्षण झालं आणि पोरगा एका जहाज कंपनीच्या ऑफिसात कारकून म्हणून चिकटला. चार वर्षं खर्डेघाशी केली. मग एका काकांच्या मृत्युपत्रातून थोडे पैसे आले आणि भावाच्या सल्ल्याने वैद्यकीचं शिक्षण घ्यायचं ठरलं.

कॉलेज कसं निवडलं? लंडनमध्ये तेव्हा डझनभर मेडिकल स्कूल होती. सेंट मेरीजच्या संघाशी ते पूर्वी वॉटरपोलो खेळले होते, म्हणून सेंट मेरीज. १९०६ साली डॉक्टर झाले. खरं तर सर्जन व्हायचं होतं. पण कॉलेजच्या रायफल क्लबला हा उत्तम नेमबाज हातचा जाऊ द्यायचा नव्हता. क्लबमधल्या एकाने त्यांना तिथल्याच आल्मरॉथ राइट यांच्या जंतुशास्त्र विभागात चिकटवून दिलं, आणि ते जन्मभर तिथेच राहिले. मंडळाच्या क्रिकेट टीममधला चांगला बोलर जाऊ नये म्हणून आपण त्याला आपल्याच कंपनीत रेफर करतो ना, तसलाच प्रकार. त्यातून पुढे जगाला पेनिसिलिन मिळालं.

पहिल्या महायुद्धात राइट यांच्याबरोबर ते फ्रान्समध्ये बुलोनला होते. जखमी सैनिक गोळीने कमी आणि जखम चिघळून जास्त मरताना त्यांनी पाहिले. त्या काळी जखमेत जालीम जंतुनाशक ओतायची पद्धत होती. फ्लेमिंग यांनी काचेची एक नळी तापवून तिला वेड्यावाकड्या टोकदार पोकळ्या काढल्या, फाटलेल्या जखमेला असतात तशा, आणि दाखवून दिलं की औषध या कानाकोपऱ्यांत पोचतच नाही. उलट शरीराच्या ज्या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढत असतात त्याच आधी मरतात. जंतू मारील पण माणसाच्या पेशीला धक्का लावणार नाही असं काही तरी हवं, हा विचार त्यांच्या डोक्यात बसला तो इथे.

१९२१ च्या सुमारास स्वतःला सर्दी झाली असताना त्यांनी आपल्याच नाकातला शेंबूड काचेच्या बशीतल्या जंतूंवर टाकून पाहिला. (किळस करू नका, शास्त्रज्ञ असेच असतात.) आसपासचे जंतू विरघळले. त्या द्रव्याला नाव मिळालं लायसोझाइम. ते अश्रूंतही सापडतं, म्हणून प्रयोगशाळेत येईल त्याच्या डोळ्यांत लिंबाची साल पिळून अश्रू गोळा करायचा उद्योग काही दिवस चालला होता. पण लायसोझाइमने मरत ते बहुतेक निरुपद्रवी जंतू. खरे दुष्ट तसेच राहत.

मग १९२८ चा सप्टेंबर. महिनाभर सफकमधल्या घरी सुट्टी घालवून फ्लेमिंग परतले. टेबलावर जुन्या बशांचा ढीग तसाच पडलेला. आवराआवरीची त्यांना घाई नसे. एका बशीत बुरशी आली होती आणि तिच्याभोवतीचे स्टॅफिलोकॉकस जंतू नाहीसे झाले होते. बुरशीचा कण उघड्या खिडकीतून आला असं शाळेच्या पुस्तकात वाचल्याचं मला आठवतं. बहुतेक अभ्यासकांचं मत मात्र असं, की खालच्या मजल्यावर ला टूश नावाचे शास्त्रज्ञ दम्यावरच्या संशोधनासाठी बुरश्या वाढवत होते, तिथून जिन्याने तो वर आला असावा. कण कुठूनही येवो, ती बशी धुवायला टाकण्याआधी थबकून पाहणारा माणूस हवा होता.

आता आपल्या जंतूकडे येऊ. फ्लेमिंग यांनी बुरशीचा रस वेगवेगळ्या जंतूंवर घालून पाहिला. स्टॅफिलोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस, न्यूमोकॉकस, सगळे मरत. मात्र काही जण ढिम्म हलत नव्हते, त्यांतलाच एक म्हणजे इन्फ्लुएन्झाचा बॅसिलस. हाच आजचा हीमोफिलस इन्फ्लुएन्झी. नावावरून घोटाळा होतो. १८९२ मध्ये फायफर या जर्मन शास्त्रज्ञाला वाटलं की फ्लू याच्यामुळे होतो, म्हणून हे नाव. फ्लू विषाणूने होतो हे पुढे कळलं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

जानेवारी १९२९ मध्ये त्यांचा मदतनीस क्रॅडॉक नाकाच्या सायनसच्या दुखण्याने बेजार होता. त्याच्या सायनसमध्ये हा बुरशीचा रस सोडून पाहिला. स्टॅफिलोकॉकस जवळजवळ गेले, इन्फ्लुएन्झाचे बॅसिलस राहिले. नाक, सायनस आणि मधला कान ही एकमेकांशी जोडलेली घरं. लहान मुलांत नाकापासून कानाकडे जाणारी नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते, म्हणून सर्दी झाली की जंतू कानात शिरतात. म्हणजे कानदुखीच्या एका मोठ्या गुन्हेगारापुढे हे औषध तोकडं पडणार, हे शोध लागल्यानंतर चार महिन्यांतच त्यांच्या वहीत नोंदलं गेलं होतं.

आणि गंमत बघा. फ्लेमिंग यांनी या दुबळेपणाचाच उपयोग करून घेतला. घशातल्या नमुन्यात पेनिसिलिन घातलं की बाकीची गर्दी मरते आणि इन्फ्लुएन्झाचा बॅसिलस एकटा उरतो, त्यामुळे तो सहज वेगळा काढता येतो. निबंधाच्या शीर्षकात त्यांनी हाच उपयोग लिहिला. प्रयोगशाळेत जंतू निवडायची चाळणी! हीच चाळणी आपण घरोघरी अर्ध्या बाटल्यांनी चालवतो, हे मला ते वाचताना लख्ख दिसलं.

पेनिसिलिन शुद्ध करणं फ्लेमिंग यांना जमलं नाही. ते रसायनशास्त्रज्ञ नव्हते, बोलणं मोजकं, भाषण तर कंटाळवाणं. निबंध दहा वर्षं कपाटात पडून राहिला. तो वर काढला ऑक्सफर्डच्या फ्लोरी आणि चेन यांनी. मे १९४० मध्ये त्यांनी आठ उंदरांना जंतू टोचले, चौघांना पेनिसिलिन दिलं. दुसऱ्या दिवशी ते चार जिवंत, बाकीचे चार मेलेले. बातमी वाचून फ्लेमिंग ऑक्सफर्डला भेटायला निघाले, तेव्हा हे गृहस्थ अजून हयात आहेत याचंच चेन यांना आश्चर्य वाटलं होतं म्हणे.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. डिसेंबर १९४० मध्ये, म्हणजे ऑक्सफर्डवाल्यांनी पेनिसिलिनने पहिल्या रुग्णावर उपचार करण्याच्याही आधी, अब्राहम आणि चेन यांनी छापून टाकलं होतं की काही जंतू पेनिसिलिनचा नाश करणारं एंझाइम तयार करतात. औषध बाजारात यायच्या आधीच त्याचा तोड तयार होता. आमच्या धंद्यात सॉफ्टवेअर रिलीज व्हायच्या आधी हॅक झालं म्हणतात, ते हेच!

१९४१ च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्डमध्ये एका पोलीस शिपायाला उपचार म्हणून ते दिलं. माणूस सुधारला, पण साठा संपला. त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत काढून टोचलं, तेही पुरलं नाही. मार्चमध्ये तो गेला. अपुरा डोस म्हणजे काय, हे त्या मंडळींनी डोळ्यांनी पाहिलं.

फ्लेमिंग यांच्या स्वतःच्या वाट्याला असा रुग्ण आला तो ऑगस्ट १९४२ मध्ये. त्यांच्या भावाच्या कंपनीतले एक ओळखीचे गृहस्थ, मेंदूच्या आवरणाला स्ट्रेप्टोकॉकसची लागण, सल्फा औषधं हरलेली. फ्लेमिंग यांनी फ्लोरींना फोन केला आणि त्यांनी आपल्याकडचं पेनिसिलिन देऊन टाकलं. इंजेक्शनं देऊनही मेंदूभोवतालच्या पाण्यात औषध पोचेना, म्हणून फ्लेमिंग यांनी ते थेट पाठीच्या कण्यात टोचलं. असं पूर्वी कुणी केलेलं नव्हतं. तो माणूस महिन्याभरात चालत घरी गेला.

या प्रसंगाशी मी बराच वेळ थांबलो, कारण कानदुखी वाढली की पूर्वी शेवट याच आजारात होई. मधल्या कानातला पू कानामागच्या हाडात उतरे, तिथून मेंदूकडे. सर्जन छिन्नी-हातोडीने ते हाड फोडून पू काढत. ऑस्कर वाइल्ड १९०० साली पॅरिसमध्ये गेला तो कानाच्या जुन्या दुखण्यातूनच, असं बहुतेक अभ्यासक मानतात, आणि त्याचे वडील डब्लिनचे नावाजलेले कानाचे सर्जन होते! उशीवरच्या पिवळ्या डागाकडे बघून आज आपण फक्त अपॉइंटमेंट घेतो. ८५ वर्षांपूर्वी आईबापांच्या पोटात गोळा आला असता.

युद्धानंतर फ्लेमिंग यांना जगाने डोक्यावर घेतलं. १९४४ मध्ये सर, १९४५ मध्ये फ्लोरी आणि चेन यांच्याबरोबर नोबेल. श्रेयावरून बरीच धुसफूस झाली आणि मला विचाराल तर ऑक्सफर्डवाल्यांवर अन्यायच झाला. वर्तमानपत्रांना एक माणूस, एक बशी, एक बुरशी अशी सुटसुटीत गोष्ट हवी होती. फ्लेमिंगनाही ती फार नकोशी नसावी. मूळ बुरशीचे तुकडे काचेत बसवून ते बड्याबड्यांना भेट देत. (जाता जाता, फ्लेमिंगच्या वडिलांनी छोट्या चर्चिलला बुडताना वाचवलं आणि मग पेनिसिलिनने चर्चिलचा न्यूमोनिया बरा झाला, हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा फॉरवर्ड साफ खोटा आहे. १९४३ मध्ये चर्चिलना दिलं ते सल्फा औषध होतं. कृपया पुढे पाठवू नये.)

पण एका बाबतीत या मितभाषी माणसाला मी पूर्ण मार्क देतो. डिसेंबर १९४५ मध्ये स्टॉकहोमच्या व्याख्यानात, सगळं जग टाळ्या वाजवत असताना, त्यांनी आपल्याच औषधाचा धोका सांगितला. पेनिसिलिन कुणालाही दुकानात मिळू लागेल, अडाणी माणूस ते कमी मात्रेत घेईल आणि जंतूंना औषधाची सवय लावील. मग त्यांनी एक काल्पनिक गृहस्थ उभा केला. त्याचा घसा दुखतो, तो आपल्या मनाने थोडं पेनिसिलिन घेतो, जंतू मरत नाहीत, निर्ढावतात. तेच जंतू त्याच्या बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, औषध चालत नाही आणि ती जाते. तिच्या मरणाला जबाबदार कोण, असा त्यांचा सवाल होता, आणि उत्तरही त्यांनीच दिलं : नवरा.

तो नवरा रात्री दोन वाजता फ्रिज उघडताना मला स्पष्ट दिसला.

इशारा खरा व्हायला फार दिवस लागले नाहीत. लंडनच्याच हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये मेरी बार्बर यांनी मोजणी केली. १९४६ मध्ये तिथले १०० पैकी सुमारे १४ स्टॅफिलोकॉकस पेनिसिलिनला जुमानत नव्हते, १९४८ पर्यंत निम्म्याहून जास्त. ब्रिटनने १९४७ मध्ये कायदा करून पेनिसिलिन चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. आपल्याकडे कायदा आहे, पण केमिस्टच्या काउंटरवर काय चालतं ते आपण सगळे जाणतो. प्रत्येक भारतवारीहून येताना बॅगेत दोन पट्ट्या टाकून आणणारे आपणच.

पुढची कथा फ्लेमिंग यांच्या माघारी घडली. मूळ पेनिसिलिन पोटातल्या आम्लात टिकत नसे, म्हणून इंजेक्शन. १९६१ मध्ये ब्रिटनच्याच बीचम कंपनीचं अँपिसिलिन आलं, तोंडाने घेता येणारं आणि हीमोफिलसलाही मारणारं. वाटलं, जिंकलो! १९७४ मध्ये अँपिसिलिनला न जुमानणारे हीमोफिलस रुग्णांत सापडले, तेच जुनं एंझाइमचं हत्यार घेऊन. मग बीचमनेच क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड शोधलं. ते स्वतः जंतू फारसे मारत नाही. जंतूचं एंझाइम त्याच्यावर झडप घालतं आणि अडकून पडतं, तेवढ्यात अमॉक्सिसिलिन आपलं काम करतं. आमच्या भाषेत हनीपॉट. ही जोडी १९८१ पासून मिळते, आणि आमच्या लेकीचा कान तिनेच वाळवला. मळमळ-जुलाब झाले, पण बाटली या वेळी शेवटच्या थेंबापर्यंत दिली.

न्यूमोकॉकसची तऱ्हा निराळी. तो एंझाइम बनवत नाही, पेनिसिलिन जिथे बसतं ते कुलूपच बदलतो. तिथे क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडचा उपयोग नाही, अमॉक्सिसिलिनचा डोस वाढवावा लागतो. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये २००३ ते २००६ या काळात असा न्यूमोकॉकस नऊ मुलांच्या कानांत सापडला, की मुलांच्या कानदुखीसाठी मान्यता असलेलं एकही अँटिबायोटिक त्याच्यावर चालेना. पहिल्या चौघांच्या कानाच्या पडद्यात नळ्या बसवाव्या लागल्या, पुढच्या पाचांना मोठ्यांचं लेव्होफ्लॉक्सॅसिन द्यावं लागलं. २०१० मध्ये आलेल्या लसीत त्या प्रकाराचा समावेश झाला.

आणि जीपीबाईंनी शेवटी सांगितलं ते असं की बहुतेक मुलांची कानदुखी तीनेक दिवसांत अँटिबायोटिकशिवायच थांबते. वेदनेला वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्यायचं आणि वाट बघायची. कधी कधी चिठ्ठी हातात देऊन ठेवतात, तीन दिवसांत उतार नाही तरच औषध आणा म्हणून. बाळ फारच लहान असेल, कान वाहत असेल किंवा कानामागे सूज दिसली तर मात्र थांबायचं नाही. आणि पडदा फाटलेला असू शकतो, म्हणून तेल नाही! सासूबाईंनी हे कडू औषधासारखं गिळलं.

तशा त्या या विषयात अगदीच परक्या नाहीत. माझे सासरे पिंपरीच्या एचएमध्ये, म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये होते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने १९५४ मध्ये उभी राहिलेली ही कंपनी, भारताचं पेनिसिलिन भारतात व्हावं म्हणून. एचए कॉलनीत संसार झालेल्या बाईला पेनिसिलिन म्हणजे घरचं माणूस.

फ्लेमिंग यांची पहिली पत्नी सारा १९४९ मध्ये वारली. मुलगा रॉबर्ट डॉक्टर झाला, साधा जीपी. १९५३ मध्ये त्यांनी सहकारी अमालिया यांच्याशी लग्न केलं, त्या ग्रीसच्या. ११ मार्च १९५५ च्या सकाळी चेल्सीतल्या घरी त्यांना अस्वस्थ वाटू लागलं. डॉक्टरांनी फोनवर विचारलं तेव्हा घाई नाही, आधी बाकीचे रुग्ण बघून या, असा निरोप त्यांनी दिला. थोड्याच वेळात हृदयविकाराने ते गेले. रक्षा सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या तळघरात आहे.

जूनमध्ये लेकीच्या कानाची तपासणी झाली. पडदा भरून आला आहे, ऐकू व्यवस्थित येतं. त्याच शनिवारी आम्ही सगळे सेंट पॉल्सला गेलो. सासूबाईंनी पर्स माझ्या हातात दिली, चपला काढल्या आणि त्या थंड फरशीवर उभं राहून हात जोडले. हा कुठला बाप्पा, असं लेकीने मोठ्यांदा विचारलं. तळघरात आवाज चांगलाच घुमला.